रस्ता विकता येतो का? : सरकारी ठेकेदार आणि कराच्या तारखा

सरकारी रस्त्याचं बिल तुम्ही कधी नीट पाहिलंय का? वरच्या भागात कामाचं नाव, मग बाबवार मोजमाप. खोदाई इतकी, मुरूम इतका, खडीकरण इतकं, काँक्रीट इतकं. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार, पुढे दर, पुढे रक्कम. हे सगळं मोजमाप पुस्तिकेतून, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात तिच्यातून, उतरवलेलं असतं. बेरीज झाली की खाली कपाती सुरू होतात. आयकर, कामगार कल्याण उपकर, मुरूम-खडीची रॉयल्टी, जीएसटीचा टीडीएस, सुरक्षा ठेव.

वरचा भाग रस्त्याचा असतो, खालचा भाग इतिहासाचा. तळातल्या प्रत्येक ओळीला जन्मसाल आहे. आयकराची ओळ १९७२ ची, उपकराची १९९६ च्या कायद्यातली, जीएसटीच्या टीडीएसची १ ऑक्टोबर २०१८ ची. काही ओळी आता दिसत नाहीत. २०१७ च्या आधीच्या बिलात वर्क्स कॉन्ट्रॅक्ट टॅक्स नावाची ओळ असायची. ती गेली, तिच्या जागी दुसरी आली.

वैराग हे बार्शी तालुक्यातलं, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. इथं सरकारी कामं घेणारा माणूस म्हणजे महामार्ग बांधणारी कंपनी नव्हे. कागदावर तो कंत्राटदार, बोलण्यात ठेकेदार किंवा गुत्तेदार. एक मिक्सर स्वतःचा, जेसीबी भाड्याचा, मुरुमासाठी ओळखीतल्यांचे ट्रॅक्टर, सिमेंट दुकानातून उधारीवर. गल्लीतला काँक्रीट रस्ता, गटार, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड ही त्याची कामं. महाराष्ट्रात छोट्या सरकारी कामांचं वाटप ३३, ३३ आणि ३४ टक्के अशा हिश्श्यांत करण्याची पद्धत आहे. एक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, एक मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेला खुल्या ठेकेदारांना. म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नोकरी न मिळालेल्या मुलाला सरकारनेच हा धंदा पर्याय म्हणून दाखवला आहे. माझ्या वयाचे, सिव्हिल शिकलेले कितीतरी जण आज याच यादीत आहेत.

या माणसाचं नफा-नुकसान कराच्या दरावर ठरतं, असं आपल्याला वाटतं. दराचा भाग आहेच. पण गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर त्याला जास्त वेळा गाठलं ते तारखेनं. निविदा एका नियमात भरली, काम दुसऱ्या नियमात झालं, बिल तिसऱ्या नियमात निघालं. ही तीन टोकं जुळवण्याचा खर्च कुणी करायचा, हे कायद्यात क्वचितच स्पष्ट लिहिलं गेलं. जे लिहिलं जात नाही, ते साखळीतल्या सगळ्यात लहान माणसाच्या खिशातून जातं.

१९५८ : रस्ता विकला जात नाही

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी लागते. ठेकेदार सरकारला नेमकं काय विकतो? सिमेंट, खडी आणि लोखंड विकतो? मजुरी विकतो? की तयार रस्ता?

विक्रीकर हा राज्यांचा विषय. मद्रास प्रांतानं १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला, मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. मद्रासनं १९४७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाच्या कंत्राटांवरही हात टाकला. मजुरीचा ठोकळ वाटा वजा करायचा आणि उरलेली रक्कम मालाची विक्री समजून कर लावायचा, असा हिशेब. गॅनन डंकर्ली या बांधकाम कंपनीनं त्याला आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५८ मध्ये निकाल लागला.

न्यायालयाचं म्हणणं असं होतं की बांधकामाचा करार अखंड असतो. मालकाला इमारत हवी असते, विटांचा आणि सिमेंटचा सौदा दोघांनी वेगळा केलेला नसतो. वीट भिंतीत बसते तेव्हा ती जंगम माल म्हणून विकली जात नाही, जागेचा भाग होते. त्यामुळे इथं मालाची विक्री नाही, आणि विक्री नाही तर राज्याला विक्रीकर लावता येणार नाही.

पुढची पंचवीस वर्षं हीच स्थिती राहिली. ठेकेदार सिमेंट घेताना दुकानात विक्रीकर भरायचा, पण बांधलेल्या रस्त्यावर राज्याचा विक्रीकर नव्हता. एका अर्थानं हा काळ त्याच्यासाठी सोपा होता. निविदेत दर भरताना पुढच्या वर्षी कर काय असेल याचा अंदाज बांधावा लागत नव्हता.

१९७२ : दुष्काळ, मस्टर आणि नवं कलम

याच काळात केंद्रानं दुसरं दार उघडलं. १९७२ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात १९४सी हे कलम घातलं, ते १ एप्रिल १९७२ पासून लागू झालं. सरकार, स्थानिक संस्था, महामंडळं आणि कंपन्या यांनी ठेकेदाराला पैसे देताना २ टक्के आयकर आधीच कापून घ्यायचा. मुख्य ठेकेदारानं उपठेकेदाराला देताना १ टक्का.

हा बदल दिसायला लहान आहे. कर नवा नव्हता, आयकर आधीही होताच. बदलली ती वेळ. आधी वर्षाअखेर नफा काढून कर भरायचा, आता नफा झाला की नाही हे कळायच्या आत कपात. ठेकेदाराला तोटा झाला तरी २ टक्के गेलेलेच असत, ते पुढे विवरणपत्र भरून परत मागायचे. हिशेब लिहायला माणूस ठेवू शकणाऱ्याला त्याचं काही वाटलं नसेल. ज्याचे हिशेब वहीच्या मागच्या पानावर असत त्याच्यासाठी ते पैसे गेल्यात जमा होते.

योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांचं मातीकाम, खडी फोडणं. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या रस्त्यांचा पाया असा हजेरीपटावर घातला गेला आहे.

करांच्या दृष्टीनं इथं एक महत्त्वाची गोष्ट घडली. सरकारला रस्ता दोन प्रकारे मिळू शकतो. एक, मस्टर लावून थेट मजुरी द्यायची. दोन, ठेकेदाराला काम द्यायचं. दुष्काळानंतर महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, त्यात पहिली वाट पक्की केली आणि ठेकेदाराला बाहेर ठेवलं. त्या योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर आणला. पगाराच्या पावतीत आजही जो दिसतो तोच. म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या करातून खेड्यातल्या मातीकामाची मजुरी. त्या मजुरीत मधे कुणी ठेकेदार नाही, त्यामुळे ठेक्यावरचा करही नाही. तीच माती, तेच फावडं, तोच माणूस ठेकेदारामार्फत आला की मात्र त्याचे कष्ट ‘कामाच्या किमती’त मिसळतात आणि करपात्र ठरण्याच्या वाटेला लागतात.

मानीव विक्री

राज्यांना १९५८ चा निकाल खुपत होता. रस्ते, धरणं, कारखाने, वसाहती यांच्यावर कोट्यवधींचा खर्च होत होता आणि त्यातला माल कराच्या जाळ्यातून सुटत होता. विधी आयोगानं १९७४ मध्ये आपल्या ६१ व्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. शेवटी संसदेनं १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती केली, ती २ फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आली. घटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात २९ए हे उपकलम आलं. त्याचा मथितार्थ असा की कंत्राटी काम करताना जो माल लागतो, त्याची मालकी जाणं ही विक्री मानली जाईल.

‘मानली जाईल’ हे शब्द महत्त्वाचे. न्यायालय म्हणालं होतं विक्री नाही. घटनेनं ते खोडून काढलं नाही. विक्री नसली तरी ती आहे असं समजू, असं म्हटलं. कायद्याच्या मराठीत यालाच मानीव म्हणतात. मानीव विक्री, मानीव अभिहस्तांतरण, तसंच.

बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियानं याविरुद्ध दाद मागितली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटनादुरुस्ती वैध ठरवली. त्याच वर्षीच्या कायद्यानं महाराष्ट्रात कंत्राटी कामातल्या मालावरच्या विक्रीकराची घडी बसली. बिलाच्या तळाशी नवी ओळ आली.

आता प्रश्न उरला, विक्री मानायची तर किती रकमेची? १० लाखांच्या रस्त्यात माल किती आणि मजुरी किती? याचं उत्तर पुन्हा गॅनन डंकर्लीच्याच दुसऱ्या खटल्यात मिळालं. नोव्हेंबर १९९२ च्या त्या निकालात न्यायालयानं वजावटींची यादीच दिली. मजुरी, आराखड्याचा खर्च, यंत्रांचं भाडं, पाणी, वीज आणि इंधनासारख्या संपून जाणाऱ्या गोष्टी, मजुरी-सेवेशी संबंधित आस्थापनेचा खर्च आणि त्यावरचा नफा, हे सगळं वजा करा. उरतो तो माल, त्यावर कर. आणि ज्याच्याकडे हिशेब नसतील त्याच्यासाठी राज्यानं ठरावीक टक्केवारी ठरवावी.

वैरागच्या एका कामाला हे लावून पाहा. जेसीबीचं भाडं वजा, डिझेल वजा, टँकरचं पाणी वजा, मजुरी वजा. निकाल उदार आहे. पण वजावट घ्यायची तर प्रत्येकाची पावती हवी. टँकरवाला पावती देत नाही, मजूर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रोख घेतो. मग हिशेब नसलेल्यांसाठीची ठोकळ टक्केवारी किंवा एकरकमी कराचा पर्याय. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला, त्यात बांधकाम कंत्राटांना एकूण रकमेवर ५ टक्के भरून मोकळं होण्याची सोय होती. कर थोडा जास्त गेला तरी चालेल, कटकट नको, असा विचार करणाऱ्या छोट्या ठेकेदारासाठी ती बरी होती. निविदेत ५ टक्के धरायचे, बिलातून कपात व्हायची, विषय संपला.

१ मार्च २०१५ : दिनदर्शिकेतली एक रेघ

मालावर राज्याचा हात पडल्यावर उरलेल्या भागावर, म्हणजे सेवेवर, केंद्राचा हात पडणं ओघानंच आलं. १ जून २००७ पासून वर्क्स कॉन्ट्रॅक्ट ही सेवाकराच्या यादीतली सेवा झाली. सरकारी रस्त्यांना सूट होती. २०१२ च्या मोठ्या सूट अधिसूचनेत सरकारी शाळा, दवाखाने, कार्यालयं यांची बांधकामंही सुटीत होती. त्यामुळे गावपातळीवर सेवाकर जवळजवळ जाणवला नाही.

मग १ एप्रिल २०१५ पासून शाळा, दवाखाने, कार्यालयं, कर्मचाऱ्यांची घरं यांच्या बांधकामांवरची सूट काढून टाकली. ज्यांनी आधीच्या वर्षी सूट धरून निविदा भरली होती, त्यांची कामं अर्ध्यावर होती. ओरड झाली. २०१६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं मागे जाऊन दुरुस्ती केली, की १ मार्च २०१५ च्या आधी झालेल्या करारांना सूट पुन्हा लागू, मधल्या काळात भरलेला कर परत मागता येईल.

न्याय झाला असं म्हणता येईल. पण अर्धाच. करार २८ फेब्रुवारीला झाला असेल तर सूट, २ मार्चला झाला असेल तर कर. निविदा दोघांनी जानेवारीतच भरलेली असू शकते. वर्क ऑर्डरवर साहेबांची सही कोणत्या दिवशी झाली, हे ठेकेदाराच्या हातात नसतं.

अठरा, बारा, पुन्हा अठरा

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १०१ व्या घटनादुरुस्तीनं वाट मोकळी केली होती. जुन्या प्रश्नाचं तिसरं उत्तर मिळालं. रस्ता ही विक्री नाही, माल-मजुरीची विभागणीही नाही, संपूर्ण कंत्राट ही एक सेवा आहे. दर १८ टक्के.

इथून तारखांची जी माळ लागली ती सलग वाचण्यासारखी आहे. जुलै २०१७ मध्ये १८ टक्के. राज्याराज्यांतून विरोध झाल्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१७ च्या अधिसूचनांनी बहुतेक सरकारी कामांना १२ टक्के. ऑक्टोबरमध्ये ज्या कामात ७५ टक्क्यांहून जास्त मातीकाम आहे त्याला ५ टक्के. उपठेकेदार मात्र १८ टक्क्यांवरच अडकलेला. तो १२ वर आला २५ जानेवारी २०१८ ला. १ ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांवरच्या करारांत २ टक्के जीएसटीचा टीडीएस. १८ जुलै २०२२ पासून १२ चे पुन्हा १८, आणि मातीकामाचे ५ चे १२. २२ सप्टेंबर २०२५ पासून मातीकामही १८. त्याच दिवशी सिमेंटचा दर २८ वरून १८ वर उतरला, ही त्यातली दिलाशाची बाजू.

जीएसटीत एक गोष्ट खरंच चांगली आहे. सिमेंट-लोखंडावर भरलेल्या कराची वजावट मिळते. मोठ्या कंपनीला तिचा पुरेपूर फायदा होतो. पण गल्लीतल्या रस्त्यात नोंदणीकृत दुकानाचं पक्कं बिल असतं ते सिमेंट-लोखंडाचं. मुरुमाचा ट्रॅक्टर, जेसीबीचं भाडं, मिक्सरवरचे मजूर यांच्याकडून कराचं बिल येत नाही, म्हणून वजावटही येत नाही. डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. काम जितकं लहान आणि जितकं हातानं केलेलं, तितकी वजावट कमी.

गंमत म्हणजे १९५८ चा प्रश्न इथंही डोकावतो. ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला तिच्या घटनादत्त कामांसाठी निव्वळ सेवा दिली, म्हणजे मालाशिवाय नुसती मजुरी पुरवली, तर जीएसटी माफ आहे. तीच मजुरी सिमेंटसकट दिली की बहुतेक वेळा पूर्ण रकमेवर १८ टक्के.

हा कर शेवटी कोण भरतं? सरकारच. आणि इथं गावाचाही संबंध येतो. वैरागची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१-जानेवारी २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी जुलैत दर वाढला. समजा एखाद्या गावाला रस्त्यांसाठी करासकट १ कोटीचा निधी मिळाला. १२ टक्क्यांत त्यातून ८९ लाख २९ हजारांचं प्रत्यक्ष काम होतं, १८ टक्क्यांत ८४ लाख ७५ हजारांचं. साडेचार लाखांचा रस्ता कागदावरच विरघळला. म्हणजे दरवाढीचा भार नव्या कामात गावावर पडतो, रस्ता थोडा आखूड होतो. चालू कामात मात्र तो ठेकेदारावर पडू शकतो. ते कसं, हे पाहण्यासाठी जीएसटी कायद्याचं १४ वं कलम पाहावं लागतं.

तीनपैकी दोन

दर बदलला की कोणता दर लावायचा? कायदा तीन घटना पाहतो. काम कधी झालं, इन्व्हॉइस कधी निघालं, पैसे कधी मिळाले. सोप्या भाषेत सांगायचं तर यांपैकी दोन घटना दरबदलाच्या ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर.

नियम म्हणून हा नीटनेटका आहे. प्रोग्राममध्ये लिहायला सांगितला तर दहा ओळींत बसेल. आता तो जमिनीवर आणू.

कल्पना करा, एकाच गावात दोन ठेकेदार आहेत. दोघांनी प्रत्येकी १० लाखांचा रस्ता जून २०२२ मध्ये, पावसाच्या आधी, पूर्ण केला. निविदा भरताना दोघांनी १२ टक्के धरले होते. पहिल्याचं मोजमाप लगेच झालं, त्यानं ५ जुलैला इन्व्हॉइस काढलं. काम जुन्या दरात, इन्व्हॉइस जुन्या दरात, पैसे मार्च २०२३ मध्ये आले तरी दर १२ टक्केच. दुसऱ्याच्या कामाचं मोजमाप घेणारे शाखा अभियंता दुसऱ्या कामात होते. एमबी भरली गेली ऑगस्टमध्ये. इन्व्हॉइस ऑगस्टचं, पैसे मार्चचे. दोन घटना नव्या बाजूला, दर १८ टक्के. फरक ६० हजार रुपये. १० लाखांच्या कामात १० टक्के नफा धरला तर १ लाखातले ६० हजार.

रस्ता तोच, महिना तोच, सिमेंटही कदाचित एकाच दुकानातलं. फरक पडला तो दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकानं. कायद्याच्या पुस्तकात इन्व्हॉइस कामाच्या टप्प्यावर निघावं असंच लिहिलंय. पण मोजमाप झाल्याशिवाय रक्कमच नक्की होत नाही, आणि मोजमाप ठेकेदार करत नाही.

करारात कायद्यातल्या बदलाची तरतूद असेल तर हा फरक खात्याकडून मागता येतो. मागणं, मंजूर होणं आणि हातात पडणं ही मात्र तीन वेगळी कामं आहेत. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वकील असतो. छोट्या ठेकेदाराला त्याच कार्यालयात पुढचं कामही मागायचं असतं, त्यामुळे तो फार ताणत नाही.

दर न बदलताही तारीख चावते. १० लाखांच्या कामाचं इन्व्हॉइस काढलं की १ लाख ८० हजारांचा जीएसटी देय झाला. समजा ६० हजारांची वजावट आहे, तर १ लाख २० हजार रोख, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. बिल मात्र निधी आल्यावर, म्हणजे बहुधा मार्चएंडला. तोवर भरलं नाही तर वर्षाला १८ टक्के व्याज. आठ महिन्यांचे १४ हजार ४००. भरलं तर ते पैसे सावकाराकडून, सोनं गहाण ठेवून किंवा दुसऱ्या कामाच्या पैशातून येतात. सहा महिने विवरणपत्र भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि नोंदणी नसेल तर पुढची निविदा नाही. सरकारचंच येणं अडकल्यामुळे सरकारचंच देणं थकतं, आणि थकबाकीदार ठरतो तो मधला माणूस.

तिकडे लंडनमध्ये

हे फक्त आपल्याकडचं नाही. आपल्याकडे जीएसटी आला त्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, ब्रिटननं सरकारी संस्थांत काम करणाऱ्या कंत्राटी लोकांसाठीचा नियम बदलला. तिथला प्रश्न रस्त्यांचा नव्हता, माणसांचा होता. कितीतरी डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले, अभियंते स्वतःची एकमाणशी कंपनी काढून सरकारी खात्यांना सेवा देतात. २००० पासून तिथं आयआर३५ नावाचा नियम आहे. काम नोकरासारखं असेल तर मधली कंपनी बाजूला ठेवून नोकराइतकाच कर घ्यायचा. आधी हे ठरवायची जबाबदारी कंत्राटी माणसावर होती. २०१७ मध्ये ती सरकारी संस्थेवर टाकली. धोका नको म्हणून काही संस्थांनी सरसकट सगळ्यांना नोकर ठरवलं. लोकांच्या हातात पडणारी रक्कम घटली, काहींनी सरकारी कामच सोडलं. पुढे काही सरकारी खात्यांनाच चुकीच्या निवाड्यांपायी कर भरावा लागला.

आपल्याकडे मानीव विक्री, तिकडे मानीव नोकर. दोन्हीकडे कायद्यानं आधी ठरवलं की कर हवा, आणि मग त्यात बसेल अशी त्या माणसाची व्याख्या केली.

साखळीचं शेवटचं टोक

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदारानं आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकल्याची चर्चा राज्यभर झाली. सरकारच्या बाजूनं उत्तर आलं की त्याच्या नावावर खात्याचं काम नोंदलेलं नाही, तो उपठेकेदार असावा.

एका मृत्यूचं कारण करात शोधणं बरोबर नाही, आणि तसं सुचवायचंही नाही. पण त्या उत्तरातली एक गोष्ट मनात राहते. आयकर कायद्याला उपठेकेदार १९७२ पासून माहीत आहे, त्याच्यासाठी वेगळा दर होता. जीएसटीला तो माहीत आहे, जानेवारी २०१८ मध्ये त्याच्यासाठी वेगळी अधिसूचना निघाली. कर घेणाऱ्या कायद्यांना साखळीतलं शेवटचं टोक नीट दिसतं. पैसे देणाऱ्या यंत्रणेला मात्र फक्त पहिलं टोक दिसतं, ज्याच्या नावावर वर्क ऑर्डर आहे ते. उपठेकेदाराचं इन्व्हॉइस मुख्य ठेकेदाराच्या नावावर, त्याचा जीएसटी त्याच्या महिन्याला देय, आणि त्याचे पैसे मात्र ‘वरून आले की’.

काय करता येईल?

सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती काढताना, जुन्या आवृत्तीवर जे आधीच चालू आहे त्याचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर चालू असलेलं काम मधेच कोसळतं. करकायद्यांत ही काळजी घेतलीच जात नाही असं नाही. २०१६ ची सेवाकराची दुरुस्ती हा तसाच प्रयत्न होता, फक्त ती ओरड झाल्यावर आली.

आणखी एक उदाहरण त्याच सेवाकरात आहे, ते आज कुणी फारसं काढत नाही. २०११ पर्यंत सेवाकर पैसे हातात आल्यावरच भरायचा असायचा. त्या वर्षी नियम बदलून तो इन्व्हॉइसशी जोडला. तरीही १ एप्रिल २०१२ पासून ५० लाखांपर्यंतची सेवा देणाऱ्या व्यक्तींना आणि भागीदारी संस्थांना पैसे मिळाल्यावर कर भरण्याची मुभा ठेवली. म्हणजे लहान माणसाचं येणं उशिरा येतं, हे कायद्याला एकदा कळलं होतं आणि त्यानं तशी सोयही केली होती. जीएसटीत सेवाकर विलीन झाला तेव्हा ही सोय सोबत आली नाही. सरकारला सेवा देणाऱ्या छोट्या ठेकेदारांपुरती ती परत आणणं, हे कुठलंही नवं तत्त्व नाही. बिल देणारं सरकार आणि कर घेणारं सरकार, दोघांना एकाच दिवशी पैसे हलवायला लावणं, इतकंच ते आहे. निविदेच्या नमुन्यात निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशीचा करदर लिहायचा आणि फरक, वर-खाली दोन्ही, बिलातच आपोआप समायोजित करायचा, हेही त्यातलंच.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा नवा आयकर कायदा घेतो. १९४सी हा ठेकेदारांच्या तोंडी बसलेला आकडा त्यासोबत जातो आणि कपातीची तरतूद कलम ३९३ मध्ये येते. बिलाच्या तळातल्या एका ओळीचं नाव पुन्हा एकदा बदलतं. त्या दिवशीही राज्यात हजारो कामं अर्ध्यावर असणार, जुन्या नियमात घेतलेली, नव्या नियमात संपणारी. त्यांचं मोजमाप कोणत्या तारखेला होतं, तिथंच त्या ओळीचा खरा आकडा ठरेल.